वरचे पाच

"मामा, ऑर्डर दोनशेची आहे," मी म्हणाले.

"ठाऊक हाय की," मामा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक कव्हर कागदाच्या कपट्यांत दाबून बसवलं. "ही वरची."

कारखान्याच्या अंगणात लाकडी पेट्यांची रांग होती. पंपाची बिडाची कव्हरं तेल लावून, कागदात गुंडाळून त्यांत रचली होती. एका कव्हराचं वजन तीन किलो. हॉलंडमधल्या एका पंप कंपनीनं नमुना म्हणून दोनशे मागवली होती. ती पसंत पडली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. मामांनी आपल्या हातानं मोजून दहा जास्तीची घातली, पेटीवर थाप मारली आणि सुताराला हाक दिली, "ठोक रे झाकण."

"पण कागदपत्रांत दोनशे लिहिली आहेत."

"मॅडम, जास्त दिलं म्हणून आजवर कुणी भांडाय आलंय? शेकड्यामागं पाच वरचे. माझ्या वडिलांपासनं चालत आलंय. ते हुबळीला चालतं, बेळगावला चालतं, हॉलंडात काय माणसं राहत न्हाईत?"

गणपतराव तिवले यांना उद्यमनगरात सगळे मामाच म्हणत. त्यांच्या या पद्धतीला कारण होतं. ओतकामात काही नग आतून सच्छिद्र निघतात. वरून काही दिसत नाही. लेथवर चढवून कातायला घेतलं की भोकं उघडी पडतात. अशा वेळी हुबळीच्या इंजिन कारखान्यातला टर्नर तो नग बाजूला फेकी, वरच्या पाचांतला एक उचली आणि कामाला लागे. पत्र नाही, तक्रार नाही. तिवल्यांच्या मालात वाद नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि मामांना ते फार प्रिय होतं.

मी त्या वेळी त्यांच्याकडे दोन वर्षं होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर सांगलीच्या कॉलेजात शिकवत होते, तिथून मामांनी बोलावून घेतलं. कारण सरळ होतं. शेजारच्या शिंत्र्यांनी लॅब काढली होती.

शिंत्र्यांच्या आणि आमच्या कारखान्यात एकच भिंत. वाळूचा ट्रक आधी त्यांच्या फाटकाशी थांबायचा, मग आमच्या. कच्चं बीड एकाच व्यापाऱ्याकडून. आमचा ओतारी दस्तगीर, तर त्याचा सख्खा भाऊ त्यांच्याकडे ओतारी. भट्टी आमचीच थोडी नवी. तरी शिंत्र्यांच्या पेट्या सहा वर्षं बोटीनं जात होत्या आणि आमच्या ट्रकनं हुबळीला.

मामांकडे याची उत्तरं तयार असायची. शिंत्र्याचा भाचा जर्मनीत आहे. शिंत्र्याला इंग्रजी येतं. शिंत्रे परदेशी साहेबांना पन्हाळ्यावर फिरवून आणतो. भाचा जर्मनीत होता हे खरं, पण तो तिथं दातांचा डॉक्टर होता.

मला एक गोष्ट दिसली होती आणि ती मी मामांना दोनदा सांगितली होती. दस्तगीर आणि त्याचा जोडीदार भट्टीतून लेडलभर रस घेत, म्हणजे वितळलेलं लोखंड, आणि ते लांब दांड्यांचं भांडं दोघांत धरून साच्यांच्या रांगेवरून चालत. एका लेडलमध्ये वीस कव्हरं होत. विसाव्या साच्याशी पोचेपर्यंत रस बराच गार झालेला असे. आतला वायू बाहेर पडायच्या आत तो घट्ट व्हायला लागे आणि भोकं राहत. लेडलमधला रस सुरुवातीला किती तापलेला असतो आणि शेवटी किती, हे मी मोजलं होतं. विसावा साचा रिकामा ठेवावा, उरलेला रस बाजूच्या वाळूत ओतून पुढच्या वेळी पुन्हा भट्टीत घालावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

"लेडलमध्ये घेतलेलं परत करायचं न्हाई," मामा म्हणाले होते. हाही त्यांच्या वडिलांचा नियम. "आणि मला सांगा, शेकड्यामागं खराब किती निघतात?"

"जास्तीत जास्त पाच."

"आणि वर किती देतो आपण?"

"पाच."

"मग? फिट्टंफाट!"

या हिशोबापुढे माझा मुद्दा दोन्ही वेळा संपला होता.

पेट्या गेल्या. त्याच काळात हुबळीच्या इंजिनांची मागणी उतरत चालली होती. शेतात वीज पोचत होती आणि डिझेल इंजिनं कमी खपत होती. आठवड्यातून तीनदा पेटणारी भट्टी दोनदा पेटायला लागली. मामांनी मला ऑफिसात बोलावून स्पष्ट सांगितलं, "मॅडम, हॉलंडचं जमलं न्हाई तर दसऱ्यानंतर निम्मे मोल्डर मला घरी बसवावे लागतील. आणि लॅबचा खर्च तर न्हाईच परवडायचा."

"बरं," मी म्हणाले.

मग फॅक्स आला. मामांनी तो माझ्यापुढे धरला. "वाचा. पसंत पडलंय न्हवं?"

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. "दोनशे मागवली होती, दोनशे दहा मिळाली. जास्तीची दहा कशासाठी आहेत ते कळवावं. कळेपर्यंत सगळा माल बाजूला ठेवला आहे. आमचे इंजिनियर हेंक पुढच्या महिन्यात शिंत्रे यांच्याकडे येत आहेत, ते तुम्हालाही भेटतील."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "जास्त दिली म्हणून माल अडवला?"

"हो."

"हे कसलं गिऱ्हाईक म्हणायचं! फुकट दिलं तरी रुसतंय!"

बातमी भिंतीपलीकडे पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी शिंत्रे आमच्या फाटकाशी स्कूटर थांबवून म्हणाले, "काय मामा, दहाचे पैसे घ्यायचे विसरलात म्हणे?"

"तुझ्यागत कंजूष न्हाई मी, शिंत्र्या. जा घरला."

शिंत्रे हसत गेले. मामा हसले नाहीत.

हेंक आला तो ओतण्याचा दिवस होता. साठीकडे झुकलेला, उंच, हातांवर भाजल्याचे जुने डाग. ते डाग बघताच दस्तगीरनं आपला उजवा हात पुढे करून त्याच्याशी हात मिळवला. दोघांच्या मनगटावर सारख्याच खुणा होत्या. हेंकनं चहा घेतला, पन्हाळ्याला नको म्हणाला, आणि मामांच्या टेबलावर त्या दहांतलं एक कव्हर ठेवलं. ते त्यानं एवढ्या लांबून आणलं होतं.

"हे कशासाठी?" त्यानं विचारलं. मी मामांना सांगितलं.

"सांगा त्येंना, पदरचं दिलंय. प्रेमानं. दोनशेतलं एखादं खराब निघालं तर हाताशी असावं."

मी तसंच सांगितलं. हेंकनं मान हलवली. "म्हणजे दोनशेत दहा खराब आहेत. कुठली दहा?"

मी मामांना विचारलं.

"ते आत्ता कसं सांगायचं?" मामा मोकळेपणानं म्हणाले. "लेथवर चढल्याशिवाय कळतंय व्हय कुणाला?"

हे वाक्य मला इंग्रजीत करायचं होतं. थोडं मऊ करता आलं असतं. आम्ही तपासतोय, सुधारणा चालू आहे, असलं काहीतरी. पण समोरच्या माणसाच्या हातांवर ते डाग होते. मी मामांचं वाक्य होतं तसं सांगितलं.

हेंकला राग आला नाही. "खरं बोलतात हे," तो म्हणाला. "आता माझं सांगा. माझ्या लेथपाशी कुणी उभं नसतं. मशीन आपलं आपण नग उचलतं, काततं, खाली ठेवतं, पुढचा उचलतं. मधे भोकाचा नग आला तर हत्यार तुटतं आणि सगळी रांग थांबते. पेटीत दहा जास्तीचे आहेत म्हणून ती रांग पुन्हा चालू होत नाही. मला दोनशे दहा नकोत. मला एकशे नव्वद चालतील, पण सगळे चांगले."

मी मराठीत सांगत होते तसतसा मामांचा चेहरा उतरत गेला. हेंकनं घड्याळ बघितलं. उद्या संध्याकाळी त्याला निघायचं होतं.

"मी सांगू शकते," मी त्याला म्हणाले. "तुमच्याकडे आहेत त्यांतली नाही, त्यांच्यावर खूण नाही. पण आज ओततील त्यांतली खराब कुठली निघू शकतील, हे कातायच्या आधी सांगते."

"काय बोललात?" मामांनी विचारलं. मी सांगितलं.

"मला न विचारता?"

"आता विचारते आहे, मामा. करू?"

"आणि चुकलं तर?"

"तर लॅब बंद करा."

"लॅबचं काय घेऊन बसलाय! ती माणसं बघा." त्यांनी खिडकीतून साच्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. उकिडवे बसून मोल्डर वाळू ठोकत होते. "चुकलं तर ती जातील."

"नाही चुकणार," मी म्हणाले.

मी सहसा असं बोलत नाही. मामांना तेही माहीत होतं. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं, टोपी परत घातली आणि खिडकीतून ओरडले, "दस्तगीर! मॅडम सांगतील तसं कर रे आज!"

दोन रांगांत वीस वीस साचे मांडले. प्रत्येक साच्याच्या वाळूत मी खिळ्यानं आकडा कोरला, उलटा, म्हणजे नगावर तो सुलटा उठेल. मोल्डर एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. "मॅडमनी बारसं मांडलंय," एक जण म्हणाला. "नाव ठेवायला आत्या कोण?"

"हेंकसाहेब," दुसरा म्हणाला, आणि हशा झाला. हेंकला काय चाललंय ते कळलं नाही, पण तोही हसला.

भट्टीचं तोंड उघडलं. दस्तगीर आणि त्याचा जोडीदार लेडल घेऊन आले. पहिल्या साच्यात रस पाण्यासारखा गेला, पांढरा झळझळीत. दहाव्याला पिवळा. पंधराव्यानंतर त्याच्यावर साय धरायला लागली. विसाव्यापाशी दस्तगीर थांबला.

"कुरकुरतंय बघा, मॅडम. ह्येला नेहमीच जीव नसतोय. घालू?"

"घाला. आज घालाच."

त्यानं मामांकडे बघितलं. मामा खाली बघत होते. दस्तगीरनं लेडल कलतं केलं. दुसऱ्या रांगेतही तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नग वाळूतून काढून साफ केले. मी दोन्ही रांगांतली वीस नंबरची कव्हरं उचलली आणि टेबलावर ठेवली. "ही दोन. बाकीची अडतीस पाठवता येतील."

मामांनी त्यांतलं एक हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं. "अहो, हे तर सगळ्यात देखणं दिसतंय. कुठं काय हाय ह्येला?"

"बाहेर काही नाही."

ते लेथवर चढवलं. पहिला काप स्वच्छ गेला, बिडाचा करडा चकचकीत पृष्ठभाग. दुसराही स्वच्छ. मामांनी माझ्याकडे बघितलं. लेथवाल्यानंही. मी पाठीमागे हात बांधून उभी होते. तिसऱ्या कापाला हत्याराचा आवाज बदलला. लेथवाल्यानं मशीन थांबवलं, फुंकर मारली. कडेनं खसखस सांडावी तशी भोकांची ओळ उघडी पडली होती.

कुणीतरी मागून "आयला!" म्हणालं.

दुसरं कव्हर चढवलं. पहिला काप स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा, चौथा. शेवटच्या मापापर्यंत कातलं तरी एक भोक नाही. संपूर्ण चांगला नग. मामांचा चेहरा एकदम उजळला. "हे बघा! हे चांगलं निघालं की! उगाच टाकत होता!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेंकही.

"हे चांगलं निघेल की वाईट, हे मला सांगता येत नव्हतं," मी आधी मराठीत म्हणाले आणि मग इंग्रजीत. "गार रसाचं तसंच असतं. कधी तरतं, कधी नाही. सांगता येत नाही म्हणूनच पेटीत घालायचं नाही. बाकीच्या अडतिसांचं मला सांगता येतं."

हेंकनं कोट काढून खुर्चीवर टाकला. "अडतीसच्या अडतीस कातूया," तो म्हणाला.

दोन लेथ लावले. एकावर हेंक स्वतः उभा राहिला. दुपार झाली. जेवण तिथंच आणलं, भाकरी आणि झुणका. हेंकला तो तिखट लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला. मामा जेवले नाहीत. कातलेलं प्रत्येक कव्हर ते हातात घेत, खिडकीच्या उजेडात धरत आणि रांगेत ठेवत. चार वाजायच्या सुमारास रांग पुरी झाली. एकातही भोक नव्हतं.

हेंक हात धुवायला गेला तेव्हा मामा माझ्यासमोर येऊन बसले. टेबलावर ती दोन कव्हरं होती, खसखशीचं आणि स्वच्छ.

"म्हणजे विसावं घालायचंच न्हाई?"

"नाही. तो रस वाळूत ओतायचा, पुढच्या वेळी भट्टीत."

"विसात एक. म्हणजे शेकड्यात पाच."

"हो."

"आणि वरचे पाच द्यायचे न्हाईत."

"नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. मग पुन्हा केलं. "खर्च मला पडतोय तेवढाच की मग."

"थोडा कमीच. भट्टीला कोक जरा जादा लागेल, पण साचा वाचेल."

ते बराच वेळ त्या स्वच्छ कव्हराच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "तुम्ही दोनदा सांगितलं आणि दोनदा मी ह्येच वरचे पाच तुमच्या तोंडावर मारले," ते म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, "पण माझे वडील काय येडे न्हवते, मॅडम!"

"नव्हतेच. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या लेथपाशी माणूस उभा असायचा, मामा. त्याला भोक दिसायचं, तो नग बदलायचा. तिथं वरचे पाच बरोबरच होते. हेंकच्या लेथपाशी कुणी नाही. तिथं चालायचं तर बघायचं काम आपल्याला इथंच करायला लागेल."

हेंक टॉवेलनं हात पुसत परत आला. मामा उठून उभे राहिले. "ह्येंना सांगा, पुढच्या वेळी दोनशे म्हंजे दोनशे. न्हाई जमली तर एकशे नव्वद पाठवीन, पण आधी कळवीन." मी सांगितलं. हेंकनं हात पुढे केला. बोलणं एवढंच झालं. शिंत्र्यांच्या गाडीतून तो स्टेशनवर गेला.

महिन्याभरानं ऑर्डर आली. त्या वर्षी दसऱ्याला भट्टीची पूजा झाली तेव्हा सगळे मोल्डर हजर होते.

पहिला मोठा माल निघाला त्या दिवशी मामा पेट्यांपाशी घुटमळत होते. मोजून झालं होतं, माझी सही झाली होती. सुतार हातोडी घेऊन उभा होता. "थांब," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पोरगी सासरला धाडतोय आणि ओटीत काय घातलं न्हाई असं वाटतंय बघा."

"वाटू दे. ठोका झाकण."

"मॅडम, तुम्ही बाई असून—"

"ठोका."

झाकण ठोकलं. दुसऱ्या पेटीपाशी गेल्यावर मला वास आला. मी वरचा कागद बाजूला केला. कव्हरांच्या मधोमध फडक्यात गुंडाळलेली गुळाची ढेप होती.

"ते मोजायचं न्हाई. तो काय माल न्हवं," मामा घाईनं म्हणाले.

मी ढेप बाहेर काढली. दस्तगीरनं ती हातोडीनं फोडली आणि आम्ही सगळ्यांनी अंगणात उभं राहून गूळ खाल्ला. ट्रक वेळेवर गेला.

एकदा लागलेली शिस्त एका रांगेपुरती ठेवता येत नाही. दस्तगीर आता कुठल्याच लेडलचा शेवटचा साचा भरत नसे, मग माल हॉलंडचा असो की हुबळीचा. पुढच्या उन्हाळ्यात हुबळीचे बसवंतप्पा माल न्यायला आले. इंजिनं कमी झाली तरी त्यांचं येणं चालू होतं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी शंभर नग ट्रकमध्ये चढवले, घाम पुसला आणि उभे राहिले.

"काय राहिलं, बसवंतप्पा?" मामांनी विचारलं.

"वरचे पाच."

मी लॅबच्या दारात होते. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मागच्या खेपेला किती फेकावं लागलं?"

बसवंतप्पांनी आठवून बघितलं. "एकही नाही की हो. खरं म्हणजे तुम्ही दिलेले ते पाच तसेच पडून आहेत." मग जरा दुखावून म्हणाले, "पण रीत ती रीत, मामा. वडिलांनी घातलेली. बंद केलीत काय?"

"बंद कशाला करू?" मामा म्हणाले. "देतोय की अजून. आता भट्टीला देतो."